आपली निवड झाली आहे

१८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे पुरी होणार होती. त्या मार्चमध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव केला, की प्रत्येक काउंटीने आणि गावाने आपापला इतिहास लिहवून घ्यावा. मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी तसे जाहीर आवाहनही केले. हेतू चांगला होता, पण ठरावामागे पैसा नव्हता. आणि सरकारची इच्छा आहे पण तिजोरी बंद आहे, अशा ठिकाणी व्यापारी पोचायला वेळ लागत नाही. पुढची वीसेक वर्षे शिकागोसारख्या शहरांतल्या प्रकाशकांनी काउंटीच्या इतिहासांचे जाडजूड ग्रंथ काढण्याचा सपाटा लावला.

या ग्रंथांची रचना साधारण सारखीच असे. सुरुवातीला जंगल, मूळ रहिवासी, पहिली वसाहत, पहिले चर्च, पहिली शाळा. तेवढे संपले की उरलेल्या पानांत त्या भागातल्या हयात ‘प्रमुख नागरिकांची’ चरित्रे. प्रमुख कोण, हे ठरवण्याची पद्धत सोपी होती. फिरता एजंट आधी गावातल्या बँकवाल्याला, डॉक्टरला, वकिलाला भेटायचा, त्यांच्याकडून दोन कौतुकाचे शब्द घ्यायचा आणि मग बाकीच्यांकडे जायचा. शेजाऱ्याचे नाव यादीत आहे म्हटल्यावर आपले नसणे कोणाला रुचणार? मजकूर बहुधा ज्याचा तोच सांगे. तो छापायला पैसे पडत नसत, पण ग्रंथाची प्रत विकत घ्यावी लागे, आणि पोलादी ठशावरून छापलेले चित्र हवे असेल तर त्याचा आकार वेगळा. गळ घालणारा एजंट आणि वर्षभराने ग्रंथ घेऊन वसुलीला येणारा माणूस हे दोघे वेगळे असत. त्यामुळे पहिल्याने तोंडी काय काय कबूल केले होते, ते दुसऱ्याला ऐकवण्यात अर्थ नसे; त्याच्या हातात सही केलेला कागद असे. बेट्स हॅरिंग्टन नावाच्या लेखकाने १८७९ साली या फिरत्या एजंटांच्या युक्त्या उघड करणारे एक पुस्तकच लिहिले. वीजवाहक सळ्या गळ्यात मारणारे आणि नकाशे-इतिहासांच्या वर्गण्या गोळा करणारे त्यात एकाच रांगेत उभे केलेले आहेत.

तरी ही सगळी लबाडी होती असे म्हणता येत नाही. ग्रंथ खरोखर छापले जात, आणि अमेरिकेतल्या स्थानिक इतिहासाचे अभ्यासक आजही ते चाळतात. घेतलेल्या पैशांच्या बदल्यात वस्तू मिळत होती. फसवणूक होती ती एवढीच, की पैसे देऊन आलेला माणूस निवडून आल्यासारखा दिसायचा. कॅलिफोर्नियाचा नामवंत इतिहासकार ह्यूबर्ट हाव बँक्रॉफ्ट यालाही हा मोह सुटला नाही. १८९१-९२ मध्ये त्याने राज्याच्या शिल्पकारांची चरित्रे सात खंडांत काढली. त्या शिल्पकारांनी आपापल्या जागेसाठी घसघशीत रकमा मोजल्या होत्या. रेल्वेसम्राट लीलँड स्टॅनफर्ड याने मात्र ठरलेली खरेदी नाकारली. त्याचे तयार चरित्र खंडांतून वगळले गेले.

या बाजारात एक वेगळी वस्तू आली ती लंडनहून. ‘हूज हू’ हे वार्षिक १८४९ पासून निघत होते, पण ती उमराव, खासदार, बिशप आणि सरकारी अधिकाऱ्यांची रूक्ष नामावली होती. १८९७ च्या आवृत्तीत नव्या प्रकाशकांनी, म्हणजे ए. अँड सी. ब्लॅक यांनी, तिचा कायापालट केला. संपादक डग्लस स्लेडन याने हयात व्यक्तींना प्रश्नावल्या पाठवल्या. जन्म, शिक्षण, पदे, पुस्तके, शिवाय फावल्या वेळात काय करता. उत्तरे ज्याची त्याने लिहायची. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, शिकागोत अल्बर्ट नेल्सन मार्क्विस याने ‘हूज हू इन अमेरिका’ काढले. पहिल्याच आवृत्तीत ८,६०२ माणसे होती. या दोन्ही पुस्तकांचा एक नियम होता: नाव घालायला पैसे नाहीत, आणि पैसे देऊन नाव घालता येत नाही. पुस्तक विकत घेणारे म्हणजे ग्रंथालये, वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या, मोठी कार्यालये. आत ज्यांची नावे होती, त्यांनी प्रत घेतली नाही तरी प्रकाशकाचे बिघडत नव्हते.

पुढचे शंभर वर्षांचे सगळे रामायण या फुकटपणातून घडले. पैसे न घेता नाव छापल्यामुळे त्या नावाला बाजारात किंमत आली, आणि किंमत आल्याबरोबर तिची नक्कल फायद्याची ठरली. स्लेडन-मार्क्विस यांची कार्यपद्धतीही नकलेला आयती सापडली. अनोळखी संस्थेकडून पत्र येते, सोबत कोरी प्रश्नावली असते, ‘आपली माहिती भरून पाठवावी’ अशी विनंती असते. हे आता प्रतिष्ठेचे लक्षण झाले होते.

पहिला मोठा भडका उडाला न्यूयॉर्कमध्ये. त्याचा नायक, किंवा खलनायक, कर्नल विल्यम डॉल्टन मॅन. हा माणूस कादंबरीत घातला तर अतिशयोक्ती वाटावी असा. गेटिसबर्गच्या लढाईत तो कस्टरच्या ब्रिगेडमध्ये घोडदळ घेऊन लढला होता. युद्धानंतर अलाबामातल्या मोबील शहरात त्याने वर्तमानपत्र चालवले, आगगाडीच्या शयनयानाचे पेटंट घेतले आणि युरोपात जाऊन जॉर्ज नागेलमाकर्स याच्याशी भागीदारी केली. ओरिएंट एक्स्प्रेस सुरू करणारा तो हाच नागेलमाकर्स. अमेरिकेत परतल्यावर मॅनने आपल्या भावाकडून ‘टाउन टॉपिक्स’ हे साप्ताहिक हाती घेतले. त्यात न्यूयॉर्कच्या धनिकांच्या घरातली लफडी, भांडणे, दारूबाजी असे सगळे छापून येई. नाव न घेता, पण ज्याचे त्याला कळेल अशा बेताने. काही परिच्छेद पुढे अशा ठिकाणी नाव घातलेला एखादा निरुपद्रवी मजकूर असे. दोन्ही जोडून वाचणाऱ्याला उलगडा होई.

या कर्नलने १९०० च्या सुमारास एक संदर्भग्रंथ काढायचे ठरवले. नाव होते ‘फॅड्स अँड फॅन्सीज ऑफ रिप्रेझेंटेटिव्ह अमेरिकन्स’. निवडक थोरांची हौसमौज सांगणारा, भारी कागदावरचा, मर्यादित प्रतींचा ग्रंथ. वर्गणी शेकडो ते हजारो डॉलर. एजंट सभ्यपणे येई, ग्रंथाचे नमुने दाखवी, आधी कोणी कोणी वर्गणी भरली आहे ते सांगे. जो भरेल त्याच्यावर ‘टाउन टॉपिक्स’ची कृपादृष्टी राहील, हे कधी नुसते सुचवले जाई तर कधी स्पष्टच सांगितले जाई. काउंटीच्या इतिहासात फक्त मोह होता. इथे मोहाच्या जोडीला धाक आला.

१९०५ च्या उन्हाळ्यात एजंट चार्ल्स आले हा वॉल स्ट्रीटवरच्या एडविन पोस्ट या दलालाकडे गेला. मागणी ५०० डॉलरची. पोस्टचे एका स्त्रीशी संबंध होते आणि त्यावरचा मजकूर साप्ताहिकाकडे तयार होता. पोस्टची तेव्हा ओढाताण चालली होती, पण पैसे न देता त्याने बायकोला सगळे सांगितले. बायको एमिली पोस्ट. शिष्टाचारावरचे १९२२ सालचे तिचे पुस्तक पुढे अमेरिकेत घराघरांत गेले. द्यायचे नाहीत, असे दोघांचे ठरले. पोस्टने जिल्हा सरकारी वकिलाची कचेरी गाठली आणि जुलैमध्ये हा एजंट खुणेच्या नोटांसह पकडला गेला. वर्तमानपत्रांना पर्वणी लाभली. पोस्टचे लग्न मात्र या प्रसिद्धीतून वाचले नाही.

खरा स्फोट पुढेच होता. ‘कॉलिअर्स’ या साप्ताहिकाचा संपादक नॉर्मन हॅपगुड ‘टाउन टॉपिक्स’वर कोरडे ओढत होता. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांची मुलगी अ‍ॅलिस हिच्यावर मॅनच्या साप्ताहिकाने चिखलफेक केल्यापासून हे युद्ध पेटले होते. जोसेफ ड्युएल नावाचे एक न्यायाधीश पदावर असतानाच ‘टाउन टॉपिक्स’चा मजकूर छापण्यापूर्वी तपासून देतात, हे हॅपगुडने लिहिले. ड्युएल यांनी अब्रुनुकसानीची फौजदारी फिर्याद ठोकली. हा निर्णय त्यांना फार महाग पडला. जानेवारी १९०६ मध्ये खटला उभा राहिला तो हॅपगुडवर, पण उलटतपासणीत उघडे पडले मॅन आणि मंडळी. मॅनने कोणाकोणाकडून ‘कर्ज’ घेतले होते त्याची यादीच कोर्टात आली. विल्यम व्हँडरबिल्टकडून २५,००० डॉलर, जे. पी. मॉर्गनकडून २,५०० डॉलर, आणखीही बरीच नावे. कर्ज फेडण्याची कोणाला घाई नव्हती आणि मागण्याचीही नव्हती. ज्युरीने हॅपगुडला काही मिनिटांतच निर्दोष ठरवले. मॅनवर नंतर खोट्या साक्षीचा खटला झाला, त्यातून तो सुटला, आणि १९२० साली मरेपर्यंत साप्ताहिकाशी चिकटून राहिला.

या प्रकरणाचा एक परिणाम सहसा लक्षात घेतला जात नाही. धमकी देणे हा गुन्हा आहे, हे पक्के झाले. पण खुशामत करून पैसे घेणे गुन्हा नाही, हेही त्याच वेळी सिद्ध झाले. एजंट आले पकडला गेला तो धमकीमुळे. नुसता ग्रंथ विकला असता, तर त्याला कोणी हात लावला नसता. पुढच्या व्यावसायिकांनी एवढा धडा नीट घेतला.

‘हूज हू’ची पद्धत एव्हाना आपल्याकडेही येत होती. मुंबईत ‘टाइम्स ऑफ इंडिया’चे संपादक स्टॅन्ली रीड यांनी १९१४ मध्ये ‘इंडियन इयर बुक’ सुरू केले, आणि पुढे त्यात भारतातल्या प्रतिष्ठितांचा ‘हूज हू’ विभाग आला. संस्थानिक, रावबहादूर, सर, बॅरिस्टर अशी ती नामावली असे. त्याच काळात पुण्यात सिद्धेश्वरशास्त्री चित्राव चरित्रकोशाच्या तीन खंडांचे प्रचंड काम करत होते. त्यांचा पहिला खंड प्राचीन काळाचा होता, त्यामुळे त्यातल्या मंडळींकडून वर्गणी उकळण्याची सोय नव्हती, हेही नोंदवून ठेवायला हवे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा धंदा दोन गोष्टींनी बदलला. एक, विमानटपाल स्वस्त झाली. दुसरे, पदवीधर व्यावसायिकांची संख्या जगभर वाढली. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक, सनदी लेखापाल अशी ही माणसे. श्रीमंत नव्हेत, पण बढतीसाठी, नेमणुकीसाठी, व्यवसायाच्या पाटीसाठी ज्यांना आपली योग्यता कागदावर दाखवावी लागते. कर्नल मॅनचे गिऱ्हाईक शंभरभर धनाढ्य होते. आता गिऱ्हाईक लाखांत होते.

इंग्लंडमध्ये अर्नेस्ट के या पत्रकाराने साठच्या दशकात आंतरराष्ट्रीय चरित्रकोश काढायला सुरुवात केली. त्यातून केंब्रिजचे ‘इंटरनॅशनल बायोग्राफिकल सेंटर’ उभे राहिले. शहर केंब्रिज, पण त्या विद्यापीठाशी संबंध नाही. अटलांटिकपलीकडे नॉर्थ कॅरोलायनातल्या राले शहरात ‘अमेरिकन बायोग्राफिकल इन्स्टिट्यूट’ १९६७ मध्ये निघाली. या दोन्ही ठिकाणांहून ‘मॅन ऑफ द इयर’, ‘एकविसाव्या शतकातले दोन हजार थोर विचारवंत’ अशा सन्मानांची पत्रे जगभर जाऊ लागली. सन्मान विनामूल्य, पदक, लाकडी फलक, चामडी बांधणीची प्रत हवी असेल तर काहीशे डॉलर. एका वर्षात जगात ‘मॅन ऑफ द इयर’ किती असावेत, हा प्रश्न पत्र मिळालेल्याला पडत नसे, कारण त्याच्या हाती त्याच्यापुरते एकच पत्र असे. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक संरक्षण खात्याने या प्रकाराविरुद्ध नागरिकांना उघड इशारे दिले. भारतात, आणि महाराष्ट्रातही, कॉलेजच्या स्मरणिकांत, डॉक्टरांच्या दवाखान्यांत, सत्कार समारंभाच्या पत्रिकांत हे सन्मान दोन दशके दिमाखात मिरवले गेले. यातल्या सगळ्यांना फसलेले म्हणावे का, याबद्दल मला शंका आहे. काहींना तो कागद काय आहे हे ठाऊक होते आणि पाहणाऱ्याला ते ठाऊक नाही, हेही ठाऊक होते.

अमेरिकेत एका खटल्याने या धंद्याची पोटातली यंत्रणा बाहेर काढली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवरच्या लेक सक्सेस या गावात ‘हूज हू वर्ल्डवाइड’ नावाची कंपनी होती. व्यावसायिकांना पत्र जाई, की आपल्या नावाची शिफारस झाली आहे. सोबतचे कार्ड भरून पाठवले की फोन येई. फोनवरचा माणूस जणू मुलाखत घेई: शिक्षण, अनुभव, भविष्यातल्या योजना. मग तो अभिनंदन करी आणि सदस्यत्वाचा दर सांगे. शेकडो डॉलर, आजीव हवे असेल तर अधिक. मार्क्विसच्या तेव्हाच्या मालकांनी नावाच्या हक्कावरून दावा लावला आणि जिंकला. १९९४ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. पाठोपाठ टपाल खात्याचे निरीक्षक पोचले. टपालाने फसवणूक करणे हा अमेरिकेत जुना केंद्रीय गुन्हा आहे. १९९८ मध्ये ज्युरीने मालकाला आणि त्याच्या अनेक विक्रेत्यांना दोषी ठरवले.

मुद्दा काय सिद्ध झाला, ते बारकाईने पाहण्यासारखे आहे. पैसे घेऊन नाव छापणे हा गुन्हा ठरला नाही. ‘आपली शिफारस झाली आहे’ हे वाक्य गुन्हा ठरले. शिफारस कोणी केलीच नव्हती. नावे विकत घेतलेल्या पत्त्यांच्या याद्यांतून आली होती. मासिकांचे वर्गणीदार, संघटनांचे सभासद, यांच्या याद्या बाजारात हजाराच्या भावाने मिळत, आणि त्यात नाव असणे हीच निवडीची कसोटी होती.

मूळ ‘हूज हू इन अमेरिका’चेही पुढच्या वर्षी वाभाडे निघाले. १९९९ मध्ये ‘फोर्ब्ज’ने मार्क्विसवर एक बोचरा लेख छापला. निवड किती सैल झाली आहे आणि माहितीची शहानिशा किती पातळ आहे, हे त्यात होते. अस्सलाची नक्कल करणारे शंभर निघाले, की काही काळाने अस्सलालाही आपला वेगळेपणा टिकवणे जड जाते.

आता ई-मेलकडे येऊ. टपालाच्या काळात प्रत्येक पत्रामागे कागद, छपाई आणि तिकीट होते. हजार पत्रांतून दहा गिऱ्हाइके मिळाली नाहीत तर तोटा. पत्त्यांची यादी विकत घ्यावी लागे. ई-मेलने दोन्ही खर्च जवळजवळ शून्यावर आणले. गंमत अशी, की इंटरनेटवरच्या घाऊक जाहिरातबाजीचा पहिला कुप्रसिद्ध प्रयोग एप्रिल १९९४ मध्ये केला तो भुरट्या चोरांनी नव्हे, तर अ‍ॅरिझोनातल्या वकील जोडप्याने. कँटर आणि सीगल यांनी ग्रीन कार्डच्या लॉटरीची आपली जाहिरात हजारो चर्चागटांत एकदम टाकली. पुढे ज्यांच्या इनबॉक्सला या रोगाने सर्वांत जास्त ग्रासले, त्या व्यावसायिक वर्गातलेच हे दोघे.

व्यावसायिकच का सापडतात, याचे उत्तर त्यांच्या पत्त्यातच आहे. साध्या माणसाचा ई-मेल शोधावा लागतो. प्राध्यापकाचा विद्यापीठाच्या पानावर असतो, वकिलाचा त्याच्या कार्यालयाच्या, डॉक्टरचा रुग्णालयाच्या. शोधनिबंधाच्या पहिल्या पानावर तर पत्रव्यवहारासाठी लेखकाचा ई-मेल छापण्याचा रिवाजच आहे. नाव, पद, संस्था, विषय हे सगळे एका ठिकाणी. ‘आपल्या अमुक निबंधाने आम्ही प्रभावित झालो’ हे वाक्य संगणकच भरतो. हरभऱ्याच्या झाडावर चढवायला पूर्वी माणूस लागे, आता तोही लागेनासा झाला.

कायदे आले, पण ते दरवाजा किलकिला ठेवून. अमेरिकेचा कॅन-स्पॅम कायदा १ जानेवारी २००४ पासून लागू झाला. न मागितलेला व्यापारी ई-मेल त्याने बेकायदा ठरवला नाही. खोटा मथळा नको आणि ‘पुन्हा पाठवू नका’ म्हणण्याची सोय हवी, एवढेच मागितले. युरोपीय संघाचा २००२ चा नियम कडक होता, आधी संमती मग ई-मेल असा. पण ते संरक्षण व्यक्तींना होते. कंपन्या-संस्थांच्या बाबतीत काय करायचे ते प्रत्येक देशावर सोडले. ही मोकळी जागा लहान वाटते. तिच्यात एक आख्खा उद्योग मावला.

युरोपातला हा उद्योग खुशामत करत नव्हता, तो गाफीलपणा गाठत होता. बार्सिलोनाची ‘युरोपियन सिटी गाइड’, ऑस्ट्रियात सुरू झालेली ‘कन्स्ट्रक्ट डेटा’ आणि तिची ‘फेअर गाइड’, आणि त्यांच्या पावलावर पाऊल टाकून निघालेल्या अनेक. सुरुवातीला टपाल आणि फॅक्स, मग ई-मेलला जोडलेला फॉर्म. फॉर्मवर तुमचे नाव, पत्ता, फोन आधीच छापलेले. वर लिहिलेले, की आपली नोंद आमच्या सूचीत आहे, माहिती तपासा, चुका सुधारा, सही करून परत पाठवा; सुधारणा मोफत. खाली करड्या रंगाच्या बारीक अक्षरांत: सही करणारा तीन वर्षांची जाहिरात मागवत आहे, दरवर्षी इतके युरो. ‘फेअर गाइड’सारख्या ठिकाणी हा आकडा वर्षाला हजाराच्या पुढे होता. रद्द करण्याची मुदत उलटल्यावर बिल येई. मग स्मरणपत्र, मग वसुली कंपनीचे पत्र, मग कोर्टाची धमकी. पन्नास-साठ हजार पत्रे पाठवून शेकड्याला एक सही आली, तरी वर्षाची बेगमी होई. प्रत्यक्षात कोर्टात जाण्याची वेळ क्वचितच येई. बरेच जण कटकट नको म्हणून भरून टाकत.

ग्राहक कायद्याकडे धाव घ्यावी, तर कायदा म्हणे तुम्ही ग्राहक नाही. अनुचित व्यापारी प्रथांविरुद्धचा युरोपीय संघाचा २००५ चा कायदा घरगुती ग्राहकापुरता होता. दुकानात मिक्सर घेणाऱ्या माणसाला बारीक अक्षरांपासून संरक्षण, पण दंतवैद्याने आपल्या दवाखान्याच्या नावाने सही केली की तो जाणता व्यापारी, त्याने वाचूनच सही केली असणार, असे गृहीत. शिकलेला माणूस स्वतःची काळजी घेतो, या समजावर कायद्याची सगळी भिस्त होती. तो दंतवैद्य दोन रुग्णांच्या मधल्या पाच मिनिटांत टपाल उरकतो, किंवा त्याची स्वागतिका उरकते, हे कायदा करणाऱ्यांना दिसले नाही. फॉर्म छापणाऱ्यांना नेमके दिसले.

काताल्योनियाच्या सरकारने ‘सिटी गाइड’वर दंड आणि बंदीची कारवाई केली, तर कंपनीने मुक्काम व्हॅलेन्सियाला हलवला. ऑस्ट्रियाने अशा फॉर्मविरुद्ध स्वतंत्र कलमच घातले, तर ‘कन्स्ट्रक्ट डेटा’चा पत्ता ब्रातिस्लाव्हाचा झाला. पीडितांनी संघटना काढल्या, एकमेकांना ‘भरू नका’ असे कळवायला सुरुवात केली, आणि युरोपीय संसदेकडे अर्ज धाडले. चारशेहून अधिक अर्ज जमले. अर्जदारांत छोटे उद्योजक होतेच, पण शाळा, ग्रंथालये, धर्मादाय संस्थांनाही असाच गंडा घातला जात असल्याचे समोर आले. माल्टाचे खासदार सायमन बुसुटिल यांनी अहवाल तयार केला आणि १६ डिसेंबर २००८ रोजी संसदेने ठराव मंजूर केला: सदस्य देशांनी कायदे घट्ट करावेत, ऑस्ट्रियाचा कित्ता गिरवावा. नोव्हेंबर २०१२ मध्ये युरोपीय आयोगाने उद्योगांच्या फसवणुकीवर आपला कार्यक्रम जाहीर केला. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने ‘फेअर गाइड’वर थेट दावा लावला, आणि २०१४ मध्ये कोर्टाने ९० लाख डॉलरहून अधिक रकमेचा हुकूमनामा दिला. परदेशात बसलेल्या कंपनीकडून असा पैसा वसूल होणे ही निराळी लढाई असते.

याच सुमारास ही गाडी भारतात वेगळ्या रुळावर चढली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० च्या नियमांत अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली. शोधनिबंधाला गुण, परिषदेला गुण. हेतू पुन्हा चांगलाच. लागलीच प्राध्यापकांच्या इनबॉक्समध्ये पत्रे पडू लागली: आपला निबंध आमच्या आंतरराष्ट्रीय नियतकालिकासाठी आमंत्रित आहे, आपली संपादक मंडळावर निवड झाली आहे, आपण परिषदेचे सन्माननीय वक्ते आहात. शुल्क नंतर. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या प्रकाशनसमूहावर अमेरिकेच्या त्याच ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये दावा केला. शुल्क लपवले, निबंधांचे परीक्षण केल्याचे भासवले, शास्त्रज्ञांची नावे संमतीशिवाय संपादक म्हणून छापली, असे आरोप होते. मार्च २०१९ मध्ये नेवाडातल्या न्यायालयाने ५ कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा आदेश दिला. ‘फॅड्स अँड फॅन्सीज’मध्ये मोठी नावे दाखवून छोट्यांना ओढले जाई, इथे संपादक मंडळाची यादी तेच काम करत होती.

अनुदान आयोगाने उपाय म्हणून मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली होती. तिच्यात काय शिरले होते, हे शोधले पुण्याने. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये विश्लेषण छापले. विद्यापीठांच्या शिफारशीने आलेल्या नियतकालिकांतून त्यांनी १,००९ तपासली, आणि त्यातली ८८ टक्के कसोटीला उतरली नाहीत. काहींचे पत्तेच खोटे किंवा अपुरे, काहींचे दावे बनावट. त्याच मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नियतकालिके यादीतून काढून टाकली. नव्या, निवडक यादीचे काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या कक्षाकडे आले आणि २०१९ मध्ये ‘केअर’ यादी सुरू झाली.

भामट्यांनी मग केअर यादीतल्या अस्सल नियतकालिकांच्या हुबेहूब वेबसाइट उभ्या केल्या. तेच नाव, तोच नोंदणी क्रमांक, तेच मुखपृष्ठ, फक्त पैसे भरण्याचे खाते वेगळे. जिल्ह्याच्या गावातल्या कॉलेजातला अध्यापक यादी तपासून, नाव पडताळूनच पैसे भरत होता, तरी फसत होता. पुण्याच्या कक्षाला अस्सल नियतकालिकांच्या यादीशेजारी त्यांच्या नकलांची दुसरी यादी ठेवावी लागली, आणि ती वाढत गेली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने केअर यादी बंद केल्याचे जाहीर केले. कोणते नियतकालिक खरे आणि कोणते बनावट, हे आता विद्यापीठांनी आणि अध्यापकांनी आपापले ठरवायचे आहे.